परगावच्या विद्यार्थ्याची खोली

कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग १८६१ साली पोहोचला आणि आटगाव, शहापूर या बाजूच्या मुलांस मुंबईची वाट जवळची झाली. परंतु गाडीत बसून मुंबईस जाणे निराळे आणि विद्यालयाच्या आसपास राहावयास खोली मिळणे निराळे. भाडे परवडेल काय, ही विद्यार्थ्याची पहिली विवंचना. मालक आपणांस जागा देईल काय, ही दुसरी. आणि ती पैशाने सुटतेच असे नाही. डॉ. भीमराव आंबेडकरांच्या चरित्रात या दोन्ही विवंचना भेटतात.

रामजी सुभेदारांचे बिऱ्हाड साताऱ्याहून मुंबईस आले ते परळकडील डबक चाळीत, एकाच खोलीत. स्वयंपाक, निजणे, अभ्यास, सारे तेथेच. मुलगा संध्याकाळीच झोपी जाई. वडील जागत बसत आणि रात्री दोनच्या सुमारास त्यास अभ्यासास उठवून मग स्वतः निजत. उशाशी जाते आणि पायथ्याशी बकरी, अशा जागेतून हा विद्यार्थी १९०७ साली मॅट्रिक झाला. पुढे कुटुंब इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेले. प्लेगनंतर, १८९८ साली, शहरसुधारणेसाठी स्थापिलेली हीच ती संस्था.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कास गेले. तेथे कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात एका पारशी मित्रासह ते राहिले. तुझी जात कोणती, हे तेथे कोणी विचारले नाही.

कराराप्रमाणे १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, आणि आता प्रश्न उभा राहिला तो बिऱ्हाडाचा. हिंदू खाणावळी बंद. अखेर पारशांच्या एका धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून, माडीवरील लहानशी निजावयाची खोली व लगतची न्हाणी त्यांनी घेतली. जेवणासह रोजी दीड रुपया दर ठरला. दुसरा उतारू नसलेल्या त्या ओसाड वास्तूत संध्याकाळी पुस्तक हाच काय तो सोबती! अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिन्यावर चढून आले. त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद दिली. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले. दोघांचीही अडचण निघाली. परदेशी शिकून आलेला तो पंडित कामाठी बागेत मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसून राहिला. दीड रुपया देण्याची ऐपत होती. नाव तेवढे चालले नाही.

१९२० साली ते पुन्हा लंडनास गेले. प्रिमरोझ हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी ते काही काळ भाड्याने राहत. घरमालकीण कडक, न्याहारी अपुरी. तरी भाडे दिले की खोली आपली. गाडीभाडे वाचावे म्हणून ते पुष्कळदा पायीच ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात जात. तेच घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. सभेने आरंभीच्या कार्यांतच, १९२५ साली, सोलापुरास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तेथे मुलांच्या राहण्याचा, जेवणाचा व कपड्यांचा खर्च सभा सोशी.