परवाना शस्त्राचा, मिरवण्याचा नव्हे

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. दख्खनेत आसफजाही सत्ता स्थिरावली ती या विजयामुळे. त्या काळी चारचौघांत शस्त्र मिरवणे हा गुन्हा नव्हता, मानाचा भाग होता.

तो मान पुढे सरकारच्या मर्जीवर आला. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली, युरोपियनांना मात्र सूट दिली. काँग्रेसने याविरुद्ध ठराव केले. त्या कायद्याला मुख्यतः एकच प्रश्न पडे : बंदूक कोणाच्या हाती आहे?

स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा परवाना ठेवतो, पण वंशभेद ठेवत नाही. त्याच्या जोडीला २०१६ चे नियम आणखी एक प्रश्न विचारतात : बंदूक हाताळली कशी? परवाना असला तरी सार्वजनिक जागी शस्त्र उगारण्यास व झाडण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वरातीत किंवा समारंभात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कोणी जखमी झाले नाही, हा बचाव येथे पुरत नाही.

मला हा बदल मोलाचा वाटतो. जुना कायदा प्रजेला भीत होता. आजचा कायदा वरातीतल्या माणसाचा जीव जपतो.