सीएपीएनएस-१ (कॅल्पेनच्या लहान उपघटकाचे जनुक)

सीएपीएनएस-१ : कॅल्पेन या प्रथिने कापणाऱ्या, कॅल्शियमवर चालणाऱ्या एंझाइमांच्या लहान नियामक उपघटकाचे मानवी जनुक. ते १९व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. जुन्या लेखनात त्याला सीएपीएन-४ म्हणत. त्यापासून २६८ ॲमिनो आम्लांचे, सुमारे २८ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन बनते.

१९६४ मध्ये गुरॉफ यांना उंदराच्या मेंदूत कॅल्शियमने जागे होणारे एक प्रथिनभंजक एंझाइम आढळले. पुढे त्या गटाला कॅल्पेन हे नाव पडले. कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम धरणारे प्रथिन आणि पपईच्या चिकातला पपेन, या दोघांच्या नावांतून ते जुळवलेले आहे. पपेन समोर येईल ते प्रथिन फोडत जातो, कॅल्पेन मात्र निवडक जागी एखादाच छेद देतो. त्या छेदाने प्रथिन नष्ट होतेच असे नाही, पुष्कळदा त्याचे काम बदलते. म्हणून पेशींची हालचाल, पेशीपटलाची डागडुजी, रक्तबिंबिकांचे एकत्र येणे अशा कामांत त्याचा हात असतो.

कॅल्पेन-१ आणि कॅल्पेन-२ यांचे सुमारे ८० किलोडाल्टनचे मोठे उपघटक अनुक्रमे ११व्या आणि १ल्या गुणसूत्रावरील जनुकांतून येतात. कापण्याची जागा या मोठ्या उपघटकात असते. सीएपीएनएस-१चे प्रथिन स्वतः काहीच कापत नाही, तरी दोन्ही कॅल्पेनांना जोडीदार म्हणून तेच लागते. त्याच्या मागच्या टोकाला कॅल्शियम धरणारे ‘ईएफ-हँड’ नावाचे पाच साचे असतात. त्यांपैकी पाचवा कॅल्शियम न धरता मोठ्या उपघटकाच्या पाचव्या साच्यात गुंततो, आणि जोडी तयार होते. पुढच्या टोकाला ग्लायसीनने भरलेला लवचीक पट्टा असतो. एंझाइम जागे झाले की हा पट्टा तुटतो आणि सुमारे १८ किलोडाल्टनचा तुकडा उरतो. प्रयोगशाळेत कॅल्पेन-१ला सूक्ष्ममोल पातळीचे कॅल्शियम पुरते, कॅल्पेन-२ला त्याच्या कितीतरी पट लागते. दोघांनाही आवरणारे कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन पेशीतच असते.

हे जनुक किती अपरिहार्य आहे, ते २००० मधील उंदरांवरील प्रयोगांनी दाखवले. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी केल्यावर दोन्ही कॅल्पेनांचे काम थांबले आणि पिल्ले गर्भातच मेली. १६व्या गुणसूत्रावर सीएपीएनएस-२ हे त्याचे भावंड आहे, पण ते मोजक्याच ऊतींत कार्यरत असते.

कॅल्पेन-३ला मात्र ही जोडी लागत नाही. स्नायूंतल्या या एंझाइमाचे जनुक बिघडल्यास खांद्याचे आणि कमरेचे स्नायू झिजवणारा आजार होतो. भारतातील अग्रवाल समाजात एका पूर्वजाकडून आलेले असे दोन बदल वारंवार सापडतात. मुंबईचे मज्जातंतुतज्ज्ञ सतीश खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा निदानासाठी उपयोग दाखवला. नावे जवळची असल्याने दोन्ही जनुकांची गल्लत होते, म्हणून इथे हा उल्लेख.

महाराष्ट्रात या नोंदीचा खरा संबंध सातपुड्याशी येतो. अक्कलकुवा, धडगाव, मोलगीकडचा नंदुरबारचा डोंगराळ भाग सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत वाहकांचे म्हणजे ‘एएस’ व्यक्तींचे प्रमाण सर्वेक्षणांत २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आढळले आहे. त्या सर्वेक्षणांत पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांचे काम मोलाचे आहे. आईवडील दोघे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल ‘एसएस’ म्हणजे आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. दोष सीएपीएनएस-१मध्ये नाही. तो ११व्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात आहे, आणि त्यामुळे हिमोग्लोबिनमधील ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. पण प्राणवायू कमी पडून लाल पेशी कोयत्यासारखी वाकते, तेव्हा तिच्या पटलातून कॅल्शियम आत शिरते. त्याने पटलातला गार्डोस मार्ग हा पोटॅशियमचा दरवाजा उघडतो, पोटॅशियम आणि पाठोपाठ पाणी बाहेर पडते, पेशी सुकते आणि हिमोग्लोबिन आणखी दाट होऊन लवकर गोठते. मोलगीच्या मुलाचे सांधे ठणकतात, तेव्हा रक्तवाहिन्यांत अडकतात त्या अशाच पेशी.

आत शिरलेल्या या कॅल्शियमने कॅल्पेनही जागे होते. लाल पेशीत मुख्यतः कॅल्पेन-१ असते. तिला केंद्रक नसल्याने सीएपीएनएस-१चे प्रथिन अस्थिमज्जेत असतानाच बनवून घेतलेले असते. सिकलसेल असलेल्या उंदरांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅल्पेन रोखणाऱ्या औषधाने गार्डोस मार्गाची हालचाल मंदावली आणि पेशी कमी सुकल्या. मात्र उंदरापासून माणसापर्यंतचा पल्ला मोठा आहे. थेट गार्डोस मार्गच बंद करणारे सेनिकापॉक हे औषध माणसांवरील चाचण्यांत लाल पेशी फुटण्याचे प्रमाण घटवूनही वेदनांचे झटके कमी करू शकले नाही. सध्या अक्कलकुव्याच्या रुग्णाला आधार आहे तो हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक आम्ल, भरपूर पाणी, गरजेनुसार रक्त आणि लग्नाआधीची रक्ततपासणी यांचाच.