तीन लिप्यांचा जिल्हा

जपानी शिकायला बसलेल्या प्रौढाला पहिल्याच आठवड्यात कळते, की या भाषेच्या लेखनात एक नव्हे, तीन लिप्या एकत्र नांदतात: हिरागाना, काताकाना आणि कांजी. मराठी शाळेतून आलेल्या, दिवसभराचे काम उरकून संध्याकाळच्या वर्गाला बसणाऱ्या धाराशिवच्या तरुणाला हे झेपणार नाही, असे मग सहज बोलले जाते. या जिल्ह्याचा इतिहास नेमकी उलटी साक्ष देतो. पोटासाठी नवी भाषा आणि नवी लिपी आत्मसात करणे ही इथली जुनी रीत आहे. ती कुणाला साधली आणि कुणाला नाही, हे बुद्धीपेक्षा शिकवणीची सोय कुणाच्या आवाक्यात होती यावर ठरले.

1880 च्या दशकात, हा भाग तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानाने फारसीच्या जागी उर्दूला कारभाराची भाषा केले. गावच्या दप्तरात मराठी, तीही बरीचशी मोडीत, चालू राहिली. पण अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीत आणि न्यायालयात उर्दूशिवाय पान हलत नसे. नोकरी किंवा वकिली करू पाहणाऱ्या मराठी माणसाला त्यामुळे बालबोध, मोडी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांशी झुंजावे लागे. 1910 मध्ये निलंग्यात जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी याच जगातले. निलंगा 1956 पासून 1982 मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. उर्दू-फारसीवर प्रभुत्व असलेल्या पगडींनी निजामाच्या नोकरीत असताना गोंडी भाषा शिकली आणि तिचे व्याकरणही लिहिले. शिकण्याचे वय शाळेबरोबर संपते, या समजुतीला एवढे एक उत्तर पुरावे.

यावर दोन आक्षेप येतील. पगडी असामान्य होते, आणि उर्दू तर बाजारात रोज कानावर पडत होती. दोन्ही मान्य केले पाहिजेत. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले, तेव्हा संस्थानातील सुमारे एक चतुर्थांश प्रजा मराठी बोलत होती. कानावर पडणारी बोली आणि परीक्षेची भाषा यांत मोठे अंतर असते, आणि ते ओलांडण्याची सोय नसलेले असंख्य लोक मागे राहिले. 1921 मध्ये याच जिल्ह्यातल्या हिप्परग्यात राष्ट्रीय शाळा उभी राहिली, पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवले, त्यामागे हीच कोंडी होती. म्हणजे आक्षेप खरा असला तरी त्याचा निष्कर्ष वेगळा निघतो: माणसे कमी पडली नाहीत, शिकवण्याची व्यवस्था कमी पडली. शिकवणे थांबले की कमावलेली विद्याही जाते. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्या. शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा पूर्वी कचेरीत रोज वाचली जाणारी मोडी आणि उर्दू कागदपत्रे वाचण्यासाठी जाणकार शोधावे लागले.

जपानी कानावर पडत नाही, ही तिची खरी अडचण. पण मराठी माणसाला तिच्यात ओळखीचेही बरेच सापडते: क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीची कामे करणारे शब्द नामानंतर लागतात, आणि समोरचा कोण यावर बोलण्याची आदरार्थी रूपे बदलतात. इंग्रजीतून शिकवले की हा आधार हातचा जातो. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी 46. नित्य वापराच्या कांजींची सरकारी यादी 2136 चिन्हांची असली, तरी विशिष्ट कौशल्यधारक कामगार म्हणून जपानला जाण्यासाठी बहुतेक क्षेत्रांत जपानी भाषा-परीक्षेची एन-4 पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. तिथवर काहीशे कांजी पुरतात. चिन्हे मात्र रोज गिरवली नाहीत तर विसरतात. म्हणून आठवड्यातून एकदाच्या तासापेक्षा रोज संध्याकाळचा सलग वर्ग कामकरी माणसाला अधिक उपयोगी. हे ऑनलाइन होईल, असे कुणी म्हणेल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले ऑनलाइन जपानी शिकली हे खरे. पण तिथेही शिकलेली मुले इतरांना शिकवत होती. अंतर तंत्रज्ञानाने मिटते, सोबत्यांची गरज मिटत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की आधीच दुष्काळाने पोळलेल्या जिल्ह्यातली तरुण मुले यामुळे आणखी दूर जातील. पण स्थलांतर भाषेने आणलेले नाही. इथली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात, तरुण पुण्याची वाट धरतात. भारत आणि जपान यांच्यात 2017 मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींसाठी आणि 2021 मध्ये कुशल कामगारांसाठी करार झाल्यावर आणखी एक वाट उघडली. प्रश्न जाण्याचा नसून कोणत्या बळावर जायचे याचा आहे. निजामाच्या न्यायालयात स्वतःचा कागद वाचू शकणारा आणि दुसऱ्याकडून वाचून घेणारा, या दोघांची पत सारखी नव्हती. परदेशातल्या कामाच्या करारापुढेही तेच लागू आहे. जपानी वर्ग पुण्यात मुबलक आहेत, पण तिथे राहण्याचा खर्च पेलणाऱ्यालाच ते मिळतात. तो वर्ग धाराशिव, तुळजापूर, उमरग्यात, संध्याकाळी आणि मराठीतून भरला पाहिजे; नाहीतर शंभर वर्षांपूर्वीची वगळणूक आपण आपल्याच राज्यात, आपल्याच हातांनी पुन्हा घडवू.