टर्फ, पवनचक्क्या आणि आपण



"पर्यावरण की विकास?" हा आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा ठरलेला विषय. भाषण झाले, टाळ्या पडल्या की विषय संपला. मेनूथला राहायला आल्यावर मात्र हाच प्रश्न घराजवळ भेटतो. हिवाळ्यात संध्याकाळी फिरताना कधी कधी गावाकडच्या चुलीची आठवण करून देणारा धूर येतो ना, तो टर्फचा. दुकानातून टर्फ विकायला 31 ऑक्टोबर 2022 पासून बंदी आहे, पण ज्यांचा टर्फ कापण्याचा पिढीजात हक्क आहे ते स्वतःपुरता कापून जाळू शकतात. टर्फची सर्वात प्रसिद्ध जागा म्हणजे 'बॉग ऑफ ॲलन'. ती आपल्या किल्डेअर कौंटीत आणि शेजारच्या कौंट्यांत पसरलेली आहे. तिच्याविषयी थोडी माहिती.

बॉग म्हणजे काय?

बॉग म्हणजे दलदल, पण साधीसुधी नव्हे. स्फॅग्नम नावाचे शेवाळ पाण्यात वर्षानुवर्षे साचत जाते. पाण्यामुळे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून ते पूर्ण कुजत नाही आणि त्याचे पीट बनते. हा थर वर्षाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर पीट ही हजार वर्षांची शिल्लक! ते कापून, वाळवून केलेल्या विटा म्हणजे टर्फ.

जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के जमीन पीटची आहे, पण जगभरच्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन तिच्यात आहे. चर खणून पाणी काढले की हवा आत शिरते आणि हा कार्बन बाहेर पडू लागतो, मग टर्फ जाळा अथवा न जाळा. शिवाय तिथली जीवसृष्टी जाते ती वेगळीच. कासच्या पठारावरचा कीटक खाणारा दवबिंदू आठवतो? त्याचे भाऊबंद इथल्या बॉगवर आहेत.

पोटापाण्याचा प्रश्न

पण दुसरी बाजूही आहे. या देशाकडे स्वतःचे इंधन फारसे नव्हते. 1946 मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पीटवर वीजकेंद्रे चालली आणि ऑफली, लाँगफर्डसारख्या कौंट्यांत पिढ्यान् पिढ्या नोकऱ्या मिळाल्या. 2018 मध्ये कंपनीने 62 पैकी 17 बॉग तातडीने बंद करण्याचे जाहीर केले. डिसेंबर 2020 मध्ये शॅननब्रिज आणि लेन्सबरोची वीजकेंद्रे थांबली. जानेवारी 2021 मध्ये कंपनीने पीट काढणे कायमचे बंद झाल्याचे सांगितले.

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचे काय झाले हे आपण जाणतो. इथे निदान काही विचार झाला. सुमारे 33,000 हेक्टर बॉग पुन्हा ओली करण्याची योजना आली आणि ते काम बोर्ड ना मोनाच्याच कामगारांना मिळाले. चर खणणारेच आता चर बुजवत आहेत! मिडलँड्ससाठी 169 दशलक्ष युरोपर्यंतचा निधीही ठरला. अर्थात चर बुजवून झाल्यावर पन्नाशीतल्या माणसाने काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक गंमत पाहा. बागायतीला पीट लागतेच. ते इथे कमी पडले, तेव्हा सप्टेंबर 2021 मध्ये लॅटव्हियाहून सुमारे 3,600 टन पीट जहाजाने आणले गेले. म्हणजे आपली बॉग वाचली, दुसऱ्याची खणली आणि वर जहाजाचे इंधन!

पवनचक्की कुठे उभारायची?

पीटऐवजी वाऱ्याची वीज, हे उत्तर बरोबरच आहे. पण जागा चुकली तर? गॉलवेतल्या डेरीब्रायन इथे डोंगरावरच्या बॉगमध्ये 70 पवनचक्क्यांचे काम चालू असताना ऑक्टोबर 2003 मध्ये पीटचा प्रचंड कडा घसरला. नदीतले हजारो मासे मेले. पर्यावरणावर होणारा परिणाम नीट तपासला नव्हता म्हणून युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये आयर्लंडला 50 लाख युरोंचा दंड केला, शिवाय दर दिवसाचा वेगळा. शेवटी 2022 मध्ये तो प्रकल्प मोडीत काढायचे ठरले.

आपल्याकडे भीमाशंकरच्या परिसरात हेच झाले. पवनचक्क्यांसाठी डोंगरमाथ्यावर रस्ते काढले, झाडे गेली. माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 च्या पश्चिम घाट अहवालात त्यावर टीका केली होती.

उलट उदाहरण ऑफलीतल्या माउंट लुकासचे. तिथले पीट आधीच काढून झाले होते. त्या जागेवर 2014 पासून 28 पवनचक्क्या फिरत आहेत. मला यातून एवढेच कळते, की "पर्यावरण की विकास" असा प्रश्न विचारण्यापेक्षा "कुठे, आणि किंमत कोण मोजणार?" असे विचारावे. जी जमीन आधीच खणली गेली आहे ती विकासाला द्यावी, जी शाबूत आहे तिला हात लावू नये, आणि ज्याची नोकरी जाते त्याची सोय आधी करावी.

यात आपला वाटा

आपल्यापैकी बरेच जण आयटीत आहोत, मीही. आपला 'क्लाउड' आकाशात नसतो, तो विजेवर चालतो. आयर्लंडच्या मीटरवरच्या एकूण विजेपैकी 2015 मध्ये 5 टक्के वीज डेटा सेंटर्सना लागत होती, 2024 मध्ये 22 टक्के! टर्फवाल्याला "सवय सोड" असे सांगण्याआधी हा आकडा आपण लक्षात ठेवावा. त्याची रोजीरोटी बॉगवर होती, आपली सर्व्हरवर आहे.

एखाद्या कोरड्या रविवारी मुलांना घेऊन किल्डेअरमधल्या ललीमोरला जाऊन या. मेनूथहून गाडीने तासाभराच्या आत पोहोचाल. तिथे बॉग ऑफ ॲलन नेचर सेंटर आहे आणि जवळच लॉज बॉग. गमबूट विसरू नका! आणि पुढच्या वेळी तुळशीच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीसाठी माती आणाल, तेव्हा पिशवीवर 'पीट-फ्री' लिहिले आहे का तेवढे बघा. एका कुंडीने जग वाचत नाही, पण हजार वर्षांची शिल्लक निदान आपल्या कुंडीत तरी संपायला नको.