चाळीस सालचं भाडं

चार वर्षांपूर्वी माझ्या कंपनीकडे एका महापालिकेच्या घरपट्टीच्या प्रणालीचं काम आलं. जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये न्यायचा, एवढंच माझं काम. तपासताना एके ठिकाणी अडलो. एकाच रस्त्यावर लागून दोन इमारती, घरांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं, पण एकीची घरपट्टी दुसरीच्या तुलनेत नगण्य. दशांश चिन्ह सरकलं असेल असं समजून मी बग नोंदवला. करविभागातले एक निवृत्तीला आलेले क्लार्क हसले. म्हणाले, ''अहो, ती पागडीची बिल्डिंग आहे. भाडं चाळीस सालचं. बरोबर आहे ते.''

बरोबर कसं, ते समजून घेताना मी मुंबईपर्यंत आणि तिथून १८६५ पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी मुंबईला आर्थर क्रॉफर्ड हा पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. त्याने गटारं, रस्ते, स्वच्छता सगळ्याला एकदम हात घातला. आज महात्मा फुल्यांचं नाव असलेली मंडई त्याच्याच काळातली. पण त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि शहरातले पैसेवाले बुडाले. क्रॉफर्डचा खर्च चालूच राहिला. तूट वाढली, कर वाढले, आणि १८७१ मध्ये करदात्यांनी उठाव केला. त्यांची मागणी साधी होती: खर्च आवरा, कर कमी करा, क्रॉफर्डला घालवा.

त्या तापलेल्या वातावरणात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहा मेहतांनी निबंध वाचला. वय सव्वीस. (मी या वयात कोड रिव्ह्यूमध्येही गप्प बसायचो.) क्रॉफर्डने शहर सुधारलं हे त्यांनी विरोधकांनी भरलेल्या सभेत सांगितलं. त्यांच्या मते दोष माणसात नव्हता, त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या व्यवस्थेत होता. करदात्यांनी निवडलेली सभा हवी आणि कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती हवा, हा त्यांचा उपाय. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट जणांची कॉर्पोरेशन आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मात्र मत द्यायला वर्षाला किमान पन्नास रुपये कर भरावा लागे. साडेसहा लाखांच्या शहरात असे लोक चार हजारांच्या आसपास भरले.

म्हणजे घरावर कर वाढवायचा की नाही, हे ठरवणार घरमालक. धान्य, तूप, लाकूड यांच्यावर शहरात येताना घेतला जाणारा कर मात्र गिरणीकामगारही भरत होता, फक्त त्याला पावती मिळत नव्हती. घरपट्टी जपायची आणि पैसा वेशीवर गोळा करायचा, ही सवय मला तिथून सुरू झालेली दिसते. पुढे याचीच मोठी जकात झाली.

आता ते चाळीस सालचं भाडं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. घरपट्टी करयोग्य मूल्यावर, म्हणजे घराला वाजवी किती भाडं येईल त्यावर ठरे. मालकाला कायद्याने जे भाडं घेताच येत नाही ते धरून कर लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या खटल्यात म्हटलं. भाडं गोठलं, तसा करही गोठला. नंतर बांधलेल्या घराला मात्र नव्या भाड्याने कर.

माझे आजोबा गिरगावात अशाच एका चाळीत राहिले. भाडं इतकं कमी की मालक जिन्याची पायरीही बदलत नसे, आणि त्याचा हिशोब पाहिला तर त्याला दोष देणं मला अवघड जातं. शेवटी सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि अशा एकोणीस हजारांहून अधिक इमारतींवर दुरुस्ती उपकर लावला. तो वसूल होई घरपट्टीच्याच बिलातून. गोठवलेल्या भाड्यातून वाचलेले पैसे थोडेफार असे परत गेले.

बाकीचा भार जकातीवर. बाबांचं भांडुपला हार्डवेअरचं छोटं दुकान होतं. भिवंडीहून येणारा टेम्पो मुलुंडच्या नाक्यावर अडकला की घरी जेवण थंड व्हायचं. बाबा जकात भरायचे, भावात मिळवायचे आणि बिजागरी घेणारं गिऱ्हाईक ती भरायचं. पालिकेच्या दृष्टीने हा कर सुंदर होता: मालाच्या किमतीवर लागत असल्याने महागाईबरोबर आपोआप वाढायचा, आणि चेंबूरच्या रिफायनऱ्यांत येणारं कच्चं तेल एकटंच मोठी रक्कम देऊन जायचं. नगरसेवकाला घरपट्टी वाढवायची वेळच येत नसे. पाणी, शाळा, केईएमसारखी रुग्णालयं चालत राहिली.

२०१० पासून मुंबईने भांडवली मूल्यावर घरपट्टी आणली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. चार दिवसांनी पालिकेला राज्याकडून भरपाईचा पहिला, सुमारे ६४७ कोटींचा धनादेश मिळाला. भरपाई दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते. पण ती आता नाक्यावरून नाही, मंत्रालयातून येते. आणि १ जानेवारी २०२२ ला पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा झाली.

भांडुपचं आमचं घर चारशे दहा फुटांचं आहे. बातमी आली तेव्हा बाबांनी पेढे आणले. मी एक खाल्ला आणि विचारलं, ''मग कचऱ्याच्या गाडीचं डिझेल कोण भरतं?'' ते म्हणाले, ''इतकी वर्षं नाक्यावर मी भरलं. आता दुसरं कोणी भरेल.''

त्या जुन्या इमारतीचा बग मी ''डेटा योग्य'' असा शेरा मारून बंद केला.