चाक, मोट, जाते आणि टाळ

तेराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीच्या यादवांचे राज्य खिळखिळे झाले. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादव घराणेच संपले. नेमक्या याच पडझडीच्या काळात पंढरपूरच्या परिसरात शिंपी, कुंभार, माळी, सोनार, न्हावी, महार आणि घरकाम करणारी दासी अशी माणसे अभंग रचत होती. त्यांनी संसार सोडला नाही की धंदाही सोडला नाही. वारकरी परंपरेचे वेगळेपण इथेच आहे.

अरणच्या सावता माळ्याने मळा, मोट आणि भाजीपाला यांतच विठ्ठल पाहिला. तो पंढरीला गेला नाही, देवच त्याच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. नरहरी सोनाराच्या अभंगात शेगडी, मूस आणि हातोडी ही अवजारे देह आणि मन समजावून सांगायला येतात. सेना न्हाव्याच्या रचनेत आरसा येतो. गोरा कुंभार तेरचा. सातवाहनकाळात हे गाव तगर या नावाने व्यापारासाठी प्रसिद्ध होते आणि तिथल्या उत्खननात भाजक्या मातीच्या सुबक मूर्ती निघाल्या आहेत. म्हणजे गोरोबांच्या कितीतरी आधीपासून तिथे मातीचे कसब मुरलेले होते. मडके कच्चे की पक्के हे पाहण्याच्या थापटण्याने गोरोबांनी जमलेल्या संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा ऐतिहासिक नसेलही. पण अध्यात्माची परीक्षा कुंभाराच्या अवजाराने घ्यावी, हे त्या समाजाला पटले होते एवढे तिच्यावरून नक्की कळते.

या चित्रात चोखामेळा सहज बसत नाही. त्याचे काम त्याने निवडलेले नव्हते, जातीने लादलेले होते. मंदिरात त्याला प्रवेश नव्हता, आणि त्याच्या अभंगांत भक्तीइतकीच तक्रारही आहे. परंपरेनुसार १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तो मरण पावला. त्याची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेरच आहे. कामात देव शोधण्याचा गौरव करताना हा अपवाद नजरेआड करणे सोयीचे असले तरी खरे नव्हे.

ही वाणी टिकली त्याला तिची घडणही कारणीभूत आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. अक्षरओळख नसलेल्यालाही तो दोन-चारदा ऐकून पाठ होतो. कीर्तनकार वीणा घेऊन निरूपण करतो, मागे टाळकरी धृपद उचलतात, मृदंग लय धरतो. ऐकणारा हा हा म्हणता गाणारा होतो. बायकांची ओवी जात्यावर चालली. पहाटेचे दळण हे एकटीचे, कष्टाचे काम. त्यात जनाबाईने विठ्ठलाला दळायला बसवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. पिठाच्या गिरण्या आल्या तसा त्या गाण्याचा प्रसंगच नाहीसा होत गेला.

१६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेवले आहे. देहूचे वाणी तुकाराम याच आपत्तीत सापडले. दुकान बुडाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी विठ्ठलाचे मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त केले, आधीच्या संतांचे अभंग पाठ केले आणि कीर्तनाला उभे राहिले. वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. देवळाची डागडुजी आणि पाठांतर हा क्रम बोलका आहे: आधी हाताला काम, मग जुना शब्द, आणि स्वतःची रचना त्यानंतर. त्यांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, व्यवसायाने तेली.

तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५च्या सुमारास पालखी सुरू केली, तेव्हा औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता आणि मराठे त्याच्याशी लढत होते. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पेशवाई बुडाल्यानंतर, हैबतबाबा आरफळकरांनी. ते पूर्वी शिंद्यांच्या दरबारी होते. दिंड्यांचे क्रमांक, रथापुढच्या आणि रथामागच्या जागा, अंकलीच्या शितोळे सरदारांचा अश्व, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे याचा क्रम, हे सारे त्या व्यवस्थेत बसवलेले आहे.