वावर दवाखान्यात गेलं : आरोग्याच्या अर्थशास्त्राची प्रस्तावना

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसून विचारावं, अमक्याचं वावर कसं गेलं? कधी उत्तर मिळतं, पोरीच्या लग्नात गेलं. कधी, सावकारानं नेलं. आणि पुष्कळदा मिळतं, दवाखान्यात गेलं. वऱ्हाडात हे वाक्य इतकं सरावाचं झालंय की ऐकणारा पुढे काही विचारतही नाही. या पुस्तकाचा सगळा विषय त्या वाक्यात आहे. आजारी एक माणूस पडतो आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोसणारी जमीन हातची जाते, हे नेमकं कसं घडतं? ते कुठल्या टप्प्यावर थांबवता आलं असतं? आणि थांबवायला लागणारा पैसा कुणाचा?

बऱ्याच वर्षांपूर्वी मी प्रश्नावली घेऊन दर्यापूर तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. घरधन्याचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं होतं. दवाखान्याचं बिल किती झालं, या प्रश्नावर त्या बाई म्हणाल्या, काहीच नाही, फुकट झालं. मी रकान्यात शून्य लिहिलं. निघताना सहज शेतीचं विचारलं, तर कळलं की त्याच वर्षी दोन एकर गेलं होतं. 'फुकट झालं ना?' असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सगळा हिशेब सांगितला. आधी तीन डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, रातोरात गाडी करून न्यावं लागलं. दीड महिना नवरा-बायको दोघांची रोजी बुडाली. ऐन वेचणीत घरी कुणी नव्हतं, आणि जो कापूस घरात आला तो पैशाच्या घाईनं खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात दिला. पुढच्या मृगाला बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणलं. ती उधारी फिटेना, तेव्हा वावर विकलं. माझ्या कागदावरचं शून्य खरं होतं आणि निरर्थकही होतं. आजाराचा खर्च मोजायचा तर दवाखान्याच्या खिडकीवरची पावती ही सुरुवात झाली. बाकीचा हिशेब कापसाच्या भावात, बुडालेल्या रोजीत आणि व्याजात पसरलेला असतो.

आरोग्याचं अर्थशास्त्र ही शाखा तशी तरुण आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवा आणि अनिश्चितता यांवर एक निबंध लिहिला, तिथून तिची रीतसर सुरुवात मानतात. ॲरोंचा मुद्दा आपल्या बाजार समितीत उभं राहून सहज समजतो. तूर घेणारा दाणा दाताखाली धरून बघतो, मुठीत घेऊन ओल जोखतो, आणि भाव पटला नाही तर पुढच्या अडत्याकडे जातो. छातीत कळ आलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. कोणती तपासणी हवी, किती सलाइन हवेत, भरती व्हायला हवं की नको, हे विकणाराच ठरवतो. दुखणं कधी येईल आणि केवढं येईल, हेही आधी कळत नाही. अशा ठिकाणी बाजाराचा नेहमीचा नियम लुळा पडतो. मग विमा, सरकारी दवाखाना, डॉक्टरवरचा विश्वास, व्यवसायाची नीती अशा व्यवस्था त्याच्या जागी उभ्या राहतात. त्या व्यवस्था कुणाला उपयोगी पडतात, किती पैशात पडतात आणि कुणाला वगळतात, हे तपासणं या शाखेचं काम.

तपासायचं कसं, हे सांगायला अमरावती आणि अकोला या शेजारी जिल्ह्यांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारनं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार बिनपैशाचे, आणि दवाखान्याच्या दारात मदतीला आरोग्यमित्र. हीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालू राहिली. पण पहिल्या टप्प्यात ती फक्त आठ जिल्ह्यांत आली. त्यात अमरावती होतं. अकोला नव्हतं. अकोल्याला ती मिळाली २१ नोव्हेंबर २०१३ ला, उरलेल्या राज्याबरोबर.

म्हणजे साडेसोळा महिने असे होते की तोच कापूस, तीच तूर, तोच पाऊस, तीच बोली असलेल्या दोन गावांपैकी एकाच्या हातात योजना होती आणि दुसऱ्याच्या नव्हती. मधे होती फक्त जिल्ह्याची हद्द. सरकारनं हे संशोधकांच्या सोयीसाठी केलं नव्हतं. योजना एकदम सगळीकडे नेणं जमत नव्हतं, एवढंच. पण उपयोजित अर्थशास्त्रज्ञाला हवी असते ती अशीच एखादी रेघ.

कारण त्याचा मुख्य प्रश्न एकच असतो: हे झालं नसतं, तर काय झालं असतं? अमरावतीत योजनेनंतर शस्त्रक्रिया वाढल्या, हे नुसतं सांगून भागत नाही. त्या एरवीही वाढल्या असत्या कदाचित. अमरावती आणि अकोला यांची एका क्षणी तुलना करूनही भागत नाही, कारण दोन्ही जिल्हे मुळातच वेगळे आहेत. अमरावतीला मेळघाट आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे. म्हणून अमरावतीत आधी आणि नंतर किती बदल झाला ते पाहायचं, त्याच काळात अकोल्यात किती झाला ते पाहायचं, आणि एकातून दुसरा वजा करायचा. या रीतीला आपण 'फरकांतला फरक' म्हणू. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ साली याच रीतीनं अमेरिकेतली न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही शेजारी राज्यं तोलून पाहिली होती. न्यू जर्सीनं किमान वेतन वाढवलं होतं, शेजारच्यानं नव्हतं. वेतन वाढवल्यानं नोकऱ्या घटतात ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकली नाही, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये कार्ड यांच्या या कामाचा वाटा होता.

रीत सोपी दिसते, पण तिच्यात पाय अडकायला जागा पुष्कळ आहेत. धारणीच्या माणसाला अमरावतीपेक्षा मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ पडतं. तो तिकडे गेला तर आपल्या आकड्यांत तो बरा असल्यासारखा दिसतो. आणि अकोल्यात योजना पोचून तीन-चार महिने होतात न होतात, तोच २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. त्यानंतर घरात पैसा नसण्याचं कारण आजारपण की गारा, हे वेगळं काढायला फार काळजी लागते. विद्यार्थ्यांना मी म्हणतो, गणित नंतर शिका, आधी त्या वर्षी त्या तालुक्यात काय काय झालं ते म्हाताऱ्या माणसांना विचारून या.

योजनेचं यश कुठे शोधायचं, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २००८ साली गरिबांसाठीचा सरकारी विमा चिठ्ठ्या टाकून वाटला, कारण अर्जदार जास्त आणि जागा कमी होत्या. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची चोख तुलना करता आली. दोन वर्षांत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांत ठोस फरक दिसला नाही. मात्र नैराश्य कमी झालं, आणि दवाखान्यापायी होणारं कर्ज आणि ओढाताण तर फारच कमी झाली. विम्याचा पहिला परिणाम घरच्या हिशेबात दिसला. वऱ्हाडातल्या संशोधकानं हे मनाशी पक्कं धरावं. योजनेनं किती ऑपरेशनं झाली ते मोजावंच, पण किती वावरं वाचली तेही मोजावं.

बिलाबाहेरचा खर्च आपल्याकडे सगळ्यात आधी कुणी ओळखला, तर अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी, असं मला मनापासून वाटतं. मुंबईला उपचारासाठी गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकानं रात्री अंग टाकायचं कुठे, हा प्रश्न त्यांना दिसला आणि त्यांनी धर्मशाळा बांधल्या. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. आपल्या विम्याच्या आराखड्यांत बरोबर आलेल्या माणसाला अजूनही नीट जागा मिळालेली नाही.

दुसरी रेघ जमिनीतच आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिकाला चालत नाही आणि माणसाला तर नाहीच. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार जास्त, हे गावोगाव ऐकायला मिळतं. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी दोन पाणी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांमधले कॉलऱ्याचे मृत्यू मोजून दूषित पाण्याकडे बोट दाखवलं होतं. एकाच गल्लीत एका घरी एका कंपनीचं पाणी, शेजारी दुसरीचं. खारपाणाच्या काठावर आणि धरणाचं पाणी नळानं पोचलेल्या-न पोचलेल्या गावांमध्ये असाच अभ्यास करता येईल. पण जपून. वेदनाशामक गोळ्या, मधुमेह, फवारणी, उन्हात तहानलेल्या अंगानं केलेलं काम, हे सगळं याच माणसांच्या वाट्याला आहे. शिवाय ज्याला गाव सोडणं परवडलं तो आधीच अकोल्याला राहायला गेला. मागे कोण उरलं, हे पाहिल्याशिवाय पाण्यावर ठपका ठेवता येत नाही.

मेळघाटानं या शाखेला शिकवलेली गोष्ट आणखी मूलभूत आहे. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आणि तेव्हापासून आकड्यांवर भांडण चालू आहे. घरी जन्मून दुसऱ्या दिवशी गेलेलं कोरकू लेकरू कुठल्या रजिस्टरात येतं? मेलेलंच जन्मलं असं लिहिलं की ते बालमृत्यूतून बाहेर पडतं. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' या अहवालात नोंदी किती अपुऱ्या आहेत ते दाखवलं. त्याआधी, १९९९ साली, त्यांचा गडचिरोलीतला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बाया नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेत होत्या, शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था होती, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेनं ६२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे आशा कार्यकर्तीच्या घरभेटींत हीच कल्पना देशभर गेली. एखादा उपाय स्वस्त आहे म्हणून दुय्यम असतो, ही समजूत त्या आकड्यानं मोडली. धारणी-चिखलदऱ्यात ज्यांना काम करायचं आहे, त्यांनी तो निबंध आधी वाचावा.

आता पैशाची बाजू. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २००८ च्या कर्जमाफीत सरसकट माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. त्यावरच्यांनी ७५ टक्के भरले तर उरलेले २५ टक्के माफ. बागायती पाच एकर आणि आमचं कोरडवाहू पाच एकर या रेघेनं एकाच मापात बसवलं, ही वऱ्हाडाची रास्त तक्रार आहे. तीच रेघ अभ्यासाला मात्र उपयोगी पडते, कारण पावणेपाच आणि सव्वापाच एकरवाल्यांच्या घरात तसा फरक नसतो. सावकाराचं आणि हातउसनं कर्ज तर दोघांचंही माफीबाहेर राहिलं, आणि दवाखान्यासाठी रात्री अकराला काढलेलं कर्ज बहुधा याच जातीचं असतं.

कर्ज आणि मन यांची गाठ अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या कार्यक्रमानं सोडवायचा प्रयत्न केला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळालेल्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. मला या कामाबद्दल फार आदर आहे. तरी विद्यार्थ्यांना मी तोच प्रश्न विचारायला लावतो: शेजारची गावं त्या काळात कशी होती? आधी-नंतरच्या तुलनेत ते कळत नाही.

सार्वजनिक वित्ताकडे वळायचं तर 'अनुशेष' हा शब्द समजून घ्यावा लागतो. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात राज्याच्या सरासरीच्या मागे कोण किती राहिलं याचं माप काढलं, आणि त्यात सिंचन-रस्त्यांबरोबर आरोग्यसेवाही धरल्या. मागासलेपणाची तक्रार प्रथमच आकड्यात मांडता आली. पण इमारतीचा अनुशेष भरला तरी डॉक्टरचा उरतो, कुलूपबंद उपकेंद्रं त्याची साक्ष देतात. देशपातळीवर एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ झाला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही घट मोठी आहे. ती दर्यापूरच्या त्या घरापर्यंत किती पोचली, हे त्या लेख्यांतून कळत नाही.

ते कळण्याची एक वाट मला दिसते, आणि माझ्यानं ती पुरी चालून होणार नाही म्हणून इथे सांगतो. प्रत्येक तलाठ्याकडे फेरफार नोंदवही असते. कोणतं वावर कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर आणि कधी गेलं, हे तिच्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं. जुलै २०१२ ते नोव्हेंबर २०१३ या काळातले हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गावांचे फेरफार काढावेत, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांचेही काढावेत, आणि अमरावतीकडच्या विक्रीत अकोल्याकडच्यापेक्षा वेगळं काही झालं का ते पाहावं. वावर का गेलं, हे मात्र नोंदवहीत नसतं. त्यासाठी त्या प्रत्येक घरी जावं लागेल, वेचणीचा हंगाम सोडून, संध्याकाळी, माणसं घरी असताना.